लाईट दिसत न्हाई

माणसानं संशयी असावं, पण किती? त्याला काही धरबंध? आमच्या फोटोच्या गाडीवरचे आण्णा मिस्त्री चहा हातात घेण्याआधी कपाला उलट्या हातानं शिवून बघत. कपाला! त्यात कुठून येणार करंट? मी एकदा चिडून विचारलंच. तर म्हणाले, "येत न्हाई. पन आला तर?"

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका ट्रस्टच्या फिरत्या एक्स-रे गाडीवर नर्स होते. क्षयाचे रोगी शोधायचं काम. गावोगावची माणसं तिला फोटोची गाडी म्हणत. "छातीचा फटू काढत्यात, पर दावत न्हाईत" अशी तिची ख्याती. गाडीत मशीन, आम्हा मंडळींचं सामान, निजायच्या दोन फळ्या, आणि मागे ट्रेलरवर डिझेलचा जनरेटर. आम्ही चौघं होतो. पुण्याहून आलेले तरुण डॉक्टर, शिवराम ड्रायव्हर, मी, आणि विजेचं सगळं बघणारे आण्णा. आण्णा नेवाशाचे, साठीला टेकलेले. अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही. पूर्वी कुठल्याशा कारखान्याच्या पॉवरहाऊसवर होते आणि तिथं त्यांच्या हातून एक माणूस गेला होता, असं शिवराम मला पहिल्याच आठवड्यात कानात सांगून मोकळा झाला. खरं-खोटं देव जाणे. मी मात्र ते खरं धरून चालले, कारण त्यांच्याकडे बघून ते खरं वाटायचं.

वीज गेली की सगळं जग म्हणतं, लाईट गेली. आण्णा म्हणत, "लाईट दिसत न्हाई." गेली असं म्हणायला त्यांची जीभ कधी धजायची नाही. "गेली कशावरनं? तुमी बघितली जाताना? लाईट आन् रुसल्याला जावई, गेला म्हनून दाराला कडी लावू न्हाई. कवा माघारी फिरंल सांगता येत न्हाई." मग ते आपला दिवा काढत. होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब तो. आधी चालू जनरेटरवर लावून तो पेटतोय याची खात्री करायची, मग संशयाच्या जागी लावायचा, आणि तिथं पेटला नाही तर पुन्हा जनरेटरवर आणून बघायचा. का? तर मधल्यामध्ये बल्बच गेला असला तर? बाहेर माणसांची रांग उन्हात तापलेली असायची आणि ह्यांचं आपलं येरे माझ्या मागल्या चाललेलं.

गाडीला वीज दोन ठिकाणांहून मिळायची. गावात असली तर शाळेची नाहीतर पिठाच्या गिरणीची, नसली तर आपल्या जनरेटरची. आणि आण्णांनी आल्या आल्या काय केलं, तर गाडीच्या वायरीला एकच प्लग ठेवला. एकच. तो गावाच्या सॉकेटात असेल किंवा जनरेटरच्या. दोन्हीकडे एका वेळी असणं शक्यच नाही. "एक म्हस, एक दावं," म्हणायचे. "दोन दावी लावली की म्हस मरती, न्हाईतर मालक." जनरेटरवर दुसरंही एक सॉकेट होतं, त्यात त्यांनी लाकडाची खुंटी ठोकून ठेवली होती. प्लग बदलायचा तर आधी गाडीतलं सगळं बंद. मशीन, पंखा, दिवे. मग प्लग काढायचा, तिकडे लावायचा, दिव्यानं बघायचं आणि मग एकेक चालू करायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. "मशीन बंद?" "बंद." "बंद?" "अहो, बंद म्हणाले ना!" "म्हनाला, पन केलं का?"

जेवायला बसताना तो प्लग त्यांच्या मांडीखाली असायचा. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, "हा माणूस काहीतरी लपवतोय. इतकं जपायला त्या प्लगात आहे काय?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा लक्ष ठेवा." झालं. मला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून मी आण्णांवर नजर ठेवायला लागले. ते साऱ्या जगावर संशय घ्यायचे आणि मी त्यांच्यावर.

एस्टीत बसतानाही हीच तऱ्हा. एकदा नगरच्या स्टँडवर आम्ही दोघं शेवगावच्या गाडीत चढलो. पाटी शेवगावची. आण्णांनी कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, मग शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, कुठं निघाला?" "शेवगावला." "घर शेवगावातच हाय ना तुमचं, नक्की?" म्हातारी घाबरून पिशवी पोटाशी धरून बसली. गाडी शेवगावच्या रस्त्याला लागली तेव्हा कुठे आण्णा सीटवर नीट टेकले. मला लाज लाज झाली. पण सरकारी केंद्रावर परदेशातली तांबडी ज्वारी मिळायची तीही ते मूठभर आधी कोंबड्यांना टाकून बघत, तेव्हा माणसं हसायची तशी मीही हसायची.

आता ते पाण्याचं सांगते. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

त्या वर्षी पाणी म्हणजे काय होतं ते बघितलेल्यालाच कळेल. बायका दोन-दोन कोस चालून हंडा आणायच्या, आणि आम्हाला माणशी एक बादली मिळायची. त्यात अंघोळ, धुणं सगळं. एका सकाळी मी बघते तर आण्णा आपली बादली घेऊन गाडीच्या मागे गेले. मी हळूच पाठोपाठ. तर ह्या गृहस्थानं अख्खी बादली जमिनीत ओतली! तीही चुकून नाही, बेतानं, धार धरून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. म्हटलं, हा माणूस वेडा तरी आहे नाहीतर करणी तरी करतोय. मी सरळ डॉक्टरांच्या कानावर घातलं. तोवर गावातल्या एका बाईनंही ते बघितलं होतं. तिनं हंडा खाली ठेवला आणि आण्णांना असं काय धारेवर धरलं, म्हणता सोय नाही. "आमची पोरं तहानली मरत्यात आन् तू मातीला पाजतूस व्हय रं, मुडद्या?"

तिचं बोलून संपल्यावर आण्णा म्हणाले, "माय, ही गाडी पत्र्याची. आत वीज. एखादी वायर पत्र्याला टेकली, तर पायरीवर पाय देनारा जाईल. ती वीज जमिनीत जावी म्हनून हा खिळा ठोकलाय. पन जमीन अशी वाळलीया का तिला वीजबी गिळंना. म्हनून पाजतोय. माझ्या अंघोळीचं हाय, गावाचं न्हाई." मग कळलं, पंधरा दिवस त्यांनी अंघोळ केली नव्हती. ओल्या फडक्यानं अंग पुसून चालवत होते. ती बाई हंडा उचलून गेली. पण खरं सांगू? त्यानं माझा संशय कमी झाला नाही. उलट वाटलं, एवढं करतोय म्हणजे मागे नक्की काहीतरी मोठं झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती एका शब्दाची. आपण मराठी माणसं दिवा विझवला म्हणत नाही, अशुभ. दिवा वाढवला म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर वाढली. तर श्रीगोंद्याच्या बाजूला एका गावात काम संपल्यावर तिथले ग्रामसेवक शिवरामला म्हणाले, "चला, वाढवा आता जनरेटर." बिचाऱ्यांना म्हणायचं होतं बंद करा. शिवरामनं हात घालून रेस वाढवली. इंजिन बोंबललं, गाडीतले दोन बल्ब फाटकन फुटले आणि एक म्हातारी "आई आई" करत गाडीतून उतरून जी पळाली ती तिच्या घरीच सापडली. आम्ही पोट धरून हसलो. आण्णा हसले नाहीत.

त्यांनी आम्हाला तिघांना समोर उभं केलं. डॉक्टरांनासुद्धा. "आजपासनं गाडीवर 'वाढव' म्हनायचं न्हाई. एका शब्दाची दोन तोंडं. बंद करायचं तर म्हनायचं, मार. जनरेटर मार. लाईट मार. वंगाळ वाटलं तरी चालंल." शिवराम म्हणाला, "आण्णा, दिवेलागणीला मार म्हनायचं व्हय? लक्ष्मी यायची येळ." "येऊ दे लक्ष्मी. तिला सांगू, जरा बाजूनं ये." तेव्हापासून आमच्या गाडीवर संध्याकाळी 'मार, मार' असा ओरडा व्हायचा, आणि नव्या गावातली माणसं दचकून बघायची.

आणि दोन तोंडांची एक वस्तूही होती गाडीवर. आण्णांच्या आधीच्या मिस्त्रीनं करून ठेवलेली वायर, दोन्ही टोकांना प्लग. एक टोक जनरेटरला, दुसरं शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीतल्या सॉकेटात घुसवलं की अख्ख्या इमारतीत दिवे लागायचे. आण्णा तिला मांडूळ म्हणत. ती तोडून टाकायला निघाले होते, पण डॉक्टर म्हणाले, ट्रस्टची वस्तू आहे, अशी मोडता येणार नाही. म्हणून ती हत्यारांच्या पेटीत कुलपात पडली होती.

मे महिना. पाथर्डीच्या अंगाला एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पाझर तलावाचं काम चालू होतं, आणि तिथल्या मजुरांचे फोटो काढायचे होते. शाळा सुट्टीमुळे रिकामी. गाडी शाळेसमोर लावली, वीज शाळेची घेतली, आणि शाळेच्या एका खोलीला काळे पडदे लावून मी फिल्म धुवायची अंधारी खोली केली. गाडीतली जागा त्या उकाड्यात अगदीच कोंदट व्हायची म्हणून. फिल्मचं काम माझंच होतं.

अकराच्या सुमारास एक वावटळ आली, बाभळीची फांदी तारेवर पडली आणि तार तुटली. फिल्म धुताना चालतो तेवढा एक लाल दिवा, तो गेला, पंखा थांबला. बाहेरून आण्णांचा आवाज आला, "लाईट दिसत न्हाई!" त्यांनी त्यांचं सगळं साग्रसंगीत केलं. गाडीतलं बंद, प्लग शाळेतून काढला, जनरेटरला लावला, दिवा दोनदा बघितला. मशीन चालू झालं. पण माझी खोली अंधारातच. लाल दिव्याशिवाय फिल्म धुणं म्हणजे सगळं अंदाजपंचे, आणि पाण्याचा थेंब थेंब मोजायच्या दिवसांत बिघडली की पुन्हा सगळं. त्या मजुरांना पुन्हा कामावरून बोलवायचं, म्हणजे त्यांचा रोज बुडवायचा.

मी बाहेर आले. म्हटलं, "आण्णा, ती वायर द्या. तासाभराचं काम आहे."

"मांडूळ? न्हाई."

"का नाही?"

"शाळंचा मेन सुइच नुस्ता नावाला हाय, त्याला वगळून आत डायरेक वायर घातलीया. हितनं लाईट घातली की ती तुमच्या पंख्यात थांबंल व्हय? खांबावर जाईल."

"खांबावरची तार तर तुटलीय!"

"तुटलीया असं दिसतंय," आण्णा म्हणाले आणि चालायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते म्हणाले ते मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण रोज उठून शंभर संशय काढणाऱ्याचा एकशे एकावा संशय कोण मनावर घेणार? तुम्हीच सांगा.

तेवढ्यात सायकलवरून वायरमन आला. भानुदास त्याचं नाव. तिशीतला, हसरा, तीन मुलींचा बाप. सायकलच्या दांड्याला मुलींसाठी घेतलेली रंगीत चेंडूंची जाळी अडकवली होती. त्यानं डीपीवरचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले होते, म्हणजे कुणी चुकूनही वीज सोडू नये. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून गावच्या बाजूच्या तारांवर साखळी टाकून तिचं टोक जमिनीत उतरवलं होतं. सगळं रीतसर. शाळेपासून दीड-दोनशे पावलांवरच्या खांबावर तो पट्टा बांधून चढायला लागला, आणि आण्णा तिथं जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज मला शाळेपर्यंत ऐकू येत होता.

"गावाकडनं साखळी टाकली. आन् शाळंकडनं?"

"शाळंकडनं काय येतंय, आण्णा? तिकडं नुस्ती शाळा हाय."

"काय येतंय ते मला म्हाईत न्हाई. म्हनून तर म्हनतो."

"दुसरी साखळी न्हाई माझ्याकडं."

"मी देतो. तवर तारंला हात लावशील तर बघ. उतर खाली दोन हात."

भानुदासानं कपाळावर हात मारून घेतला, पण थांबला. आण्णा उन्हातून धापा टाकत गाडीकडे आले. त्या दिवशी त्यांचा गुरुवारचा उपास होता, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, पक्कड घेतली, ट्रेलरची लोखंडी साखळी सोडवली आणि तसेच खांबाकडे पळाले. जन्मात पहिल्यांदा पेटी उघडी राहिली.

मी ती वायर उचलली. होय, मीच. डॉक्टर मशीनवर होते, शिवराम जनरेटरपलीकडे सावलीत, माझ्याकडे पाठ करून बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलं नाही. आणि बघा, मी सगळं आण्णांनी शिकवलेल्या क्रमानं केलं. आधी भिंतीतलं टोक, मग जनरेटरचं, म्हणजे हातात उघड्या पिना राहू नयेत. खुंटी उपटताना मनात म्हटलंसुद्धा, बघा म्हणावं, जमतं आम्हालाही. प्लग बसला. आत जाऊन बघते तर पंखा फिरतोय, लाल दिवा लागलाय. मी पडदा लावून घेतला.

पण शाळेच्या ओसरीवरच्या दिव्याचं बटण कुणीतरी चालूच ठेवलं होतं, ते मला कुठे ठाऊक? भर बारा वाजता तो दिवा लागला. खांबाखाली साखळीचं एक टोक जमिनीतल्या पहारीला बांधून, दुसरं वर चढवत असताना आण्णांनी मान वळवली आणि त्यांना तो दिवा दिसला.

मला पडद्याआड फक्त त्यांची किंकाळी ऐकू आली. "शिवराम! जनरेटर वाढव! वाढव, वाढव!"

जन्मभर सांभाळलेली जीभ. ऐन वेळी आईनं शिकवलेला शब्द बोलली. शिवराम दचकून उठला आणि त्यानं सांगितलं ते केलं. रेस वाढवली. इंजिन गरजलं, माझा लाल दिवा पांढुरका झाला. मी बाहेर धावले. भानुदास तारेपासून हातभर अंतरावर होता. त्याच्या हातात त्या क्षणी साखळी होती म्हणून तिथं तार नव्हती. एवढंच. आण्णा आता वर बघून ओरडत होते, "टाक साखळी! टाक, टाक, हात काढ!" त्यानं ती भिरकावली. तारांवर ठिणग्यांचा लोळ उठला, इकडे जनरेटर कण्हल्यासारखा झाला, काळा धूर ओकला आणि बसला. मग कसलाच आवाज नाही. भानुदास पट्ट्यावर लोंबकळत होता. जिवंत. वरूनच तो मोठ्यानं रडायला लागला आणि त्याचं रडणं ऐकून मला कळलं की मी काय केलं होतं.

सगळे जमले. वायर सापडली. पेटी उघडी. डॉक्टर म्हणाले, "ही कुणी लावली?" शिवराम शपथेवर म्हणाला, मी नाही. माझ्याकडे कुणी वळलंसुद्धा नाही. मी नर्स, फिल्म धुणारी, पडद्याआड असणारी. तोंड उघडायचं होतं. घरी दोन धाकटे भाऊ शिकत होते, नोकरी गेली तर काय, हे एकदम डोक्यात आलं. ही सबब नाही, जे झालं ते सांगतेय. मी गप्प बसले.

आण्णा ओसरीच्या कडेला बसले होते. शिवराम रडकुंडीला येऊन म्हणत होता, "आण्णा, तुमीच म्हनाला, वाढव!" आण्णा म्हणाले, "व्हय. म्हनालो." मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, पेटी म्याच उघडली. उनात डोकं फिरलं असंल. म्याच लावली असंल ती."

"असेल म्हणजे? आठवत नाही?"

"न्हाई आठवत. पन ज्याच्या जिभंनं 'वाढव' म्हटलं, त्याच्याच हातानं वायर घातली नसंल कशावरनं?"

संध्याकाळी भानुदास बायकोला घेऊन आला. हातात नारळ. म्हणाला, "आण्णा, तुमी थांबवलं नसतं तर माझी राख झाली असती. तुमच्या पायाशी नारळ वाढवतो." 'वाढवतो' ऐकल्यावर आण्णा असे दचकले की मला बघवेना. त्यांनी तो नारळ परत त्याच्या हातात ठेवला. "घरी घेऊन जा, लेका. वाचवनारा मी न्हाई. मीच तुला मारत हुतो." भानुदास बावचळून डॉक्टरांकडे बघायला लागला. मी पाच हातांवर उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं आण्णा गेले. डॉक्टर नको म्हणत होते. "चूक एकदा होते, आण्णा." आण्णा म्हणाले, "दुसऱ्याची व्हती एकदा. आपली किती झाली, ते आपल्याला कळत न्हाई."

आठ महिन्यांनी मी नेवाशाला गेले होते. कबुली द्यायला गेले होते असं म्हटलं तर बरं दिसेल, पण नाही. मावसबहिणीचं बाळंतपण होतं. आण्णांचं घर त्याच आळीत निघालं, आता ह्याला काय म्हणावं! ते ओट्यावर सुंभ वळत बसले होते. खूप वाळलेले. दारावरच्या खांबापासून घरात येणारी वायर कापून गुंडाळून ठेवलेली दिसली. मला बघून म्हणाले, "या बाई. बसा."

"वीज तोडलीत, आण्णा?"

"हात लावत न्हाई आता. कुनाच्या घरातलीबी बघत न्हाई. बोलवायला येत्यात. पन भरवसा न्हाई." त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडले. "ह्यांचा. रातध्याड तेच डोक्यात. वायर कवा उचलली, खुंटी कवा काढली. काहीच आठवत न्हाई बघा. एवढं करायचं आन् ध्यानात ऱ्हायचं न्हाई, म्हंजी मानूस किती वाया गेला."

आठ महिने! मला वाटलं होतं म्हातारा रागानं नोकरी सोडून गेला, विसरला असेल. भीती वाटली, लाज वाटली, पण त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. म्हटलं, "आण्णा, ती वायर मी घातली होती."

सुंभ वळणं थांबलं. "कुठली?"

"मांडूळ. तुम्ही साखळी घेऊन गेलात तेव्हा. पेटीतून मी काढली. खुंटी मी उपटली."

"तुमी?"

"मी."

"तुमी म्हनताय. पन केलं का?"

"केलं, आण्णा. आधी भिंतीतलं टोक लावलं, मग जनरेटरचं. माझ्या ह्या हातांनी."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि हा साठीचा माणूस एकदम उठून उंबऱ्याकडे वळला.

"अगं ए! ऐकलं का? अगं, मी न्हवतो! मी न्हवतो गं!"

आतून त्यांची बायको पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. आण्णा डोळे पुसत तिला सांगत होते, पुन्हा पुन्हा तेच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी उठले, "येते" म्हटलं. तिनं चहा घेऊन जा म्हटलं नाही.